राहुलच्या फायलीतली पट्टी

नोकरीत भेटलेल्या गमतीदार पेशंटांवर लिहा, असं या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या. तसे पेशंट पुष्कळ भेटले. शॉक बसेल म्हणून पायातल्या रबरी चपला शेवटपर्यंत न काढणारे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. ट्रेडमिलवर नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, "आजून जोरात कर की गं, एवढ्यात तर मी बांधालाबी पोचत न्हाई," म्हणणाऱ्या मुळशीकडच्या एक आजी होत्या. पण लिहायला बसले की मला एकच दिवस आठवतो. त्यात गंमत नाही. संपादकबाईंना फोन करून तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तेच लिहा."

सदाशिव पेठेला लागून असलेल्या एका हार्ट हॉस्पिटलात मी एकतीस वर्षं ईसीजी टेक्निशियन होते. मी नर्स नाही, पण सगळे मला सिस्टर म्हणायचे. पहिली दोन वर्षं मी दुरुस्त करत राहिले, मग सोडून दिलं. काम सांगायला सोपं आहे. चार वायरी हातापायांना, सहा छातीवर. हृदय चालताना जी बारीकशी वीज निर्माण होते तिची रेघ मशीन एका लांब कागदी पट्टीवर काढतं. उंच टोक येतं, रेघ खाली उतरते, पुन्हा मूळ पातळीवर येते. हृदयाला रक्त कमी पडत असेल तर टोकानंतरची रेघ पातळीवर यायला तयार नसते, वर किंवा खाली अडकून राहते. हे मला कोणी शिकवलं नाही, बघून बघून कळायला लागलं. टेक्निशियनने पट्टी काढायची, वाचायची नाही, असा आमच्याकडे नियम होता.

मला घेतलं होतं ते बायकांसाठी. पुरुष टेक्निशियनकडून बायका ईसीजी काढून घ्यायच्या नाहीत. छातीवरच्या सहा जागा बरगड्या मोजून ठरवायच्या असतात. पुरुषाचा शर्ट काढला की दोन मिनिटांत सहाही जागा अचूक सापडतात. बायकांच्या वेळी मात्र पडदा, पदर, ब्लाउजची बटणं, पडद्याबाहेर खाकरणारा नवरा, आणि "राहू द्या हो सिस्टर, वरच्यावरच लावा" म्हणणारी बाई. मी हात आत घालून अंदाजाने लावायची. जागा चुकली की रेघ चुकते. ती बघून डॉक्टर म्हणायचे, "लेडीज आहे, थोडं इकडेतिकडे असणारच." म्हणजे बाईची रेघ बिघडलेली दिसली तरी तिच्यावर कोणाचा विश्वास नसायचा. यात माझा वाटा होता, तो मी नाकारत नाही.

हिंजवडीत कंपन्या आल्या आणि आमच्याकडे कंपन्यांची तपासणी पॅकेजं सुरू झाली. साहेबांच्या पॅकेजमध्ये ट्रेडमिल, इको, सगळं. मिसेसच्या पॅकेजमध्ये हाडं, थायरॉइड, गर्भाशय. हृदय नाही. मी कितीतरी जोडप्यांना हसून सांगितलं आहे, "तुम्ही या खोलीत चला सर, मॅडम, आपण तिकडे बसा." मला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला अशाच एका कंपनीचा मॅनेजर आला. त्याला राहुल म्हणते. चाळिशीचा, सिगरेट ओढणारा, छातीच्या मधोमध हात दाबून धरलेला. तेव्हा हिंजवडीच्या आसपास मोठं हॉस्पिटल नव्हतं आणि कंपनीचा करार आमच्याशी होता, म्हणून तो एवढ्या लांब आला. चाकाची खुर्ची धावली, दोन नर्स धावल्या, मी मशीन घेऊन धावले. पहिली पट्टी अगदी स्वच्छ आली. तरी आमचे मोठे डॉक्टर, त्यांना आम्ही सर म्हणायचो, म्हणाले, "पहिल्या पट्टीवर जायचं नाही. सुरुवातीला अटॅकसुद्धा लपून राहतो. आयसीयूत ठेवा आणि तासातासाला काढा." हे बरोबरच होतं. सर हुशार होते, अजूनही मी तसंच म्हणेन.

दुपारी बाराच्या आत दुसरी पट्टी काढून मी बाहेर आले, तर आयसीयूसमोरच्या बाकावर एक बाई दोन लॅपटॉपच्या बॅगा मांडीवर घेऊन बसली होती. पल्लवी तिचं नाव. राहुलच्या हाताखाली काम करायची, मूळची यवतमाळची, लग्न होऊन कोथरूडला आलेली. तिनेच त्याला स्वतःच्या गाडीत घालून आणलं होतं.

"मॅडम, राहुलचं कसं आहे?"

"चांगलं आहे. दोन्ही पट्ट्या नॉर्मल आल्यात."

"बरं झालं." मग म्हणाली, "मलापण जरा मळमळतंय. सकाळपासून पाठीत भरून आल्यासारखं झालंय. जबडापण दुखतोय, पण ती दाढ असेल."

वर पंखा चालू होता आणि तिच्या वरच्या ओठावर घाम होता.

"घाबरलात तुम्ही," मी म्हटलं. "एवढं ट्रॅफिक, त्यात असा पेशंट. गाडी कोणी चालवली?"

"मीच."

मी तिला पाणी दिलं. ती बॅगांसकट उठायला गेली आणि परत खाली बसली. ते मला बरं दिसलं नाही. तिला माझ्या खोलीत नेलं. केसपेपर नव्हता. म्हटलं, नंतर करू. पडद्याबाहेर कोणी खाकरत नव्हतं, कोणाची घाई नव्हती. मी नीट बरगड्या मोजून सहाही वायरी लावल्या. पट्टी बाहेर आली. तीन ठिकाणी रेघ टोकावरून उतरून मध्येच थांबत होती. फार नाही, पण थांबत होती.

मी ती घेऊन सरांकडे गेले. ते पॅसेजमध्ये दोन नर्सना राहुलच्या औषधांबद्दल सांगत होते.

"कोणाची?"

"राहुल सरांबरोबर आलेल्या बाईंची. वय सदतीस. पाठ दुखतेय, मळमळतंय, घाम आहे."

त्यांनी पट्टी हातात घेतली, माझ्या खोलीच्या उघड्या दारातून तिच्याकडे एकदा बघितलं. "पाळी चालू आहे ना?"

"हो, असेल."

"मग कशाला काळजी करता? या वयात बायकांना हार्मोनचं कवच असतं. बॉसला तसं बघून पॅनिक झाली आहे ती."

"सर, अर्ध्या तासाने परत एकदा काढू का?"

"ढमालेबाई, तुम्ही एम.डी. झालात की मला कळवा. मी आपला घरी पेपर वाचत बसेन."

नर्स हसल्या. मीही हसले. हे लिहिणं मला सगळ्यात अवघड गेलं.

सरांनी चिठ्ठीवर ॲसिडिटीची एक गोळी आणि मन शांत करणारी एक अर्धी गोळी लिहून दिली. मी तिला सांगितलं, "काही नाही, टेन्शन आहे. घरी जाऊन झोपा. गाडी मात्र चालवू नका, रिक्षा करा."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "सॉरी हं मॅडम, उगाच तुमचा वेळ घेतला." राहुलची बॅग तिने माझ्याकडे दिली आणि गेली. तिची पट्टी मी मशीनच्या ट्रॉलीवर ठेवली होती. तिथेच राहुलची दुसरी पट्टीही होती. आयसीयूतले शिकाऊ डॉक्टर आले आणि दोन्ही उचलून घेऊन गेले. मी दुसऱ्या पेशंटला लागले.

चार वाजता मी राहुलच्या पुढच्या पट्टीसाठी आयसीयूत गेले तेव्हा सर राउंडला आलेले होते. राहुल उशीला टेकून बसला होता, त्याचं दुखणं थांबलं होतं. सकाळी त्याने दोन प्लेट मिसळ खाल्ली होती, हे आता तो कबूल करत होता. सर फाइल चाळत होते. चाळता चाळता थांबले. एक पट्टी त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली.

"हे मला कोणी सांगितलं का नाही?" ते शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "हे बघा. अकरा पन्नासला नॉर्मल. बारा आठला तीन लीडमध्ये रेघ वर. एकला परत नॉर्मल. रक्तवाहिनी आकसते आहे आणि सुटते आहे. कुठल्याही क्षणी पूर्ण बंद होईल. पुस्तकात छापावी अशी पट्टी आहे ही, आणि तुम्ही चार तास नुसती फायलीला लावून ठेवलीत? कॅथलॅब तयार करा. यांच्या मिसेसना बोलावून घ्या. अँजिओग्राफी आत्ता करायची."

राहुलचा चेहरा पांढरा पडला. मलाही आधी त्याचीच भीती वाटली. मग सरांचे शब्द डोक्यात शिरले. बारा आठ. बारा आठला मी राहुलजवळ नव्हते. मी पुढे होऊन पट्टी बघितली. तिच्यावर मशीनने छापलेली वेळ होती, पण पेनाने लिहिलेलं नाव नव्हतं. नाव मीच लिहिते, केसपेपर बघून.

"सर, ही यांची पट्टी नाही."

"मग कोणाची?"

"दुपारी मी तुम्हाला दाखवली होती. बाकावरच्या बाईंची."

सरांनी पुन्हा पट्टीकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघत होते. कागद तोच होता. डॉक्टर तेच होते. दुपारी ती पट्टी बाईची होती तेव्हा पॅनिक होती. चार वाजता ती पुरुषाची ठरली तेव्हा पुस्तकात छापण्यासारखी झाली. आमच्यातलं कोणी ढिलाई करत होतं, कोणाला कमी येत होतं, असं काही असतं तर मी समजू शकले असते. तसं काहीच नव्हतं. सगळ्यांना सगळं येत होतं.

सरांनी मात्र पुढे एक क्षणही घालवला नाही. "नंबर आहे कोणाकडे?"

"पल्लवी?" राहुल म्हणाला. "पण शी वॉज फाइन. तिनेच तर ड्राइव्ह केलं." बोलता बोलता त्याने स्वतःच्या मोबाइलवरून तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. मग तिच्या नवऱ्याला लावला. समीर डेक्कनला एका बँकेत होता. राहुलने फोन सरांच्या हातात दिला.

"मी हॉस्पिटलमधून बोलतोय. तुमच्या मिसेसना हार्ट अटॅक आला असण्याची शक्यता आहे. आत्ताच्या आत्ता घरी जा आणि त्यांना घेऊन या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण सर म्हणाले, "नाही, त्यांच्या बॉसना नाही. तुमच्या मिसेसना."

समीर घरी पोचला तेव्हा पल्लवी न्हाणीघराच्या दाराशी जमिनीवर पडली होती, शुद्धीवर होती. झोपेच्या गुंगीत उलटी करायला उठली आणि तिथेच बसली, एवढं तिला आठवत होतं. शेजाऱ्यांच्या गाडीतून तिला आणलं तेव्हा सव्वापाच वाजून गेले होते. मी पट्टी काढली. आता ती वाचायला कोणाची गरज नव्हती. रेघ पातळीवर येण्याचं नावच घेत नव्हती.

राहुलसाठी तयार केलेली कॅथलॅब मोकळीच होती. समीरसमोर संमतीचा फॉर्म ठेवला. तो हातात पेन धरून उभा राहिला. "आईला एकदा फोन करून विचारतो," तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. तो इतका हादरलेला होता, की काय करायचं ते त्याला कोणीतरी सांगायला हवं होतं. राहुल हॉस्पिटलच्या निळ्या झग्यात, सलाइनचा स्टँड धरून दारात येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "समीर, साइन कर. माझ्यासाठी कोणी कोणाला विचारणार नव्हतं." समीरने सही केली.

रक्तवाहिनी उघडली. पल्लवी वाचली. पण मधल्या तासांत हृदयाच्या खालच्या भागातला बराचसा स्नायू मेला होता. दोन जिने चढले की तिला दम लागायचा. नोकरी तिने चार महिन्यांनी सोडली. राहुल दुसऱ्या दिवशी सकाळी घरी गेला.

आठवडाभराने सर माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. वीस वर्षांत ते कधी त्या खोलीत बसले नव्हते. स्टुलावर बसले.

"त्या दिवशी तुम्ही परत पट्टी काढू का म्हणाला होतात."

"हो सर."

"मी काय म्हणालो होतो?"

मी शब्दन् शब्द सांगितला. एम.डी.चा आणि पेपरचासुद्धा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पट्टी मी बघितली होती, असं मला वाटत होतं. मी त्या बाईकडे बघितलं होतं." आणि उठून गेले.

त्यानंतर आमच्याकडे जबड्यापासून बेंबीपर्यंत कुठेही दुखत असलेली बाई आली तर तिच्या तीन पट्ट्या निघायच्या आणि रक्त तपासलं जायचं. सरांनी तशी लेखी सूचना काढली. मला ती वाचून बरं वाटलं. तोवर मी पल्लवीचं डिस्चार्ज कार्ड पाहिलं नव्हतं.

ते मी दोन महिन्यांनी पाहिलं. ती इकोसाठी आली होती. डॉक्टर यायला उशीर होता म्हणून माझ्या खोलीत बसली. बरीच वाळली होती. कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाली, "माझंच चुकलं ना मॅडम? इतका उशीर करायला नको होता. सासूबाई रोज म्हणतात, दुखणं अंगावर काढलंस. आईपण यवतमाळहून फोनवर तेच म्हणते. कार्डावरसुद्धा लिहिलंय."

कार्डावर लिहिलं होतं: त्रास सुरू झाल्यापासून सात तासांनी दाखल. रुग्णाकडून विलंब. दुपारच्या ईसीजीचा उल्लेख नव्हता. केसपेपरच नव्हता, म्हणजे कागदोपत्री ती दुपारी हॉस्पिटलात आलीच नव्हती. सही सरांची होती.

मी तिला कार्ड परत दिलं आणि म्हटलं, "इको झाला की भेटून जा." ती भेटायला आली तेव्हा मी जागेवर नव्हते. मी मुद्दामच जागेवर नव्हते.

सरांना मात्र विचारलं. ते म्हणाले, "तसं लिहिणं भाग होतं, बाई. ट्रस्टींनी वकिलांना विचारून ठरवलं. तिच्या उपचारात त्याने काही फरक पडत नाही." उपचारात खरंच फरक पडत नव्हता. मी तीन महिने हे वाक्य मनाशी म्हणत राहिले.

तिच्या पुढच्या इकोच्या वेळी मी स्वतः तिला खोलीत बोलावलं. सगळं सांगितलं. तीन ठिकाणची रेघ, सरांचं बोलणं, माझं हसणं, राहुलच्या फायलीत गेलेली पट्टी, चार वाजता तिचं झालेलं कौतुक. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. तिने फक्त एकदा मला थांबवून विचारलं, "सेम पट्टी? नक्की?"

"नक्की. मीच काढली होती."

तिने पर्समधून एक छोटी वही काढली, कोरं पान फाडलं, पेनाचं टोपण काढून दोन्ही माझ्यासमोर ठेवलं. "लिहून द्या."

"कोर्टासाठी?"

"नाही. घरी दाखवायला. मी सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. मला स्वतःला वाटलं नव्हतं."

मी लिहिलं. 'पल्लवी दुपारी बाराच्या सुमारास हॉस्पिटलात हजर होती. बारा वाजून आठ मिनिटांनी मी तिचा ईसीजी काढला. त्यात दोष होता. तिला घरी पाठवण्यात आलं. तिने उशीर केला नाही.' खाली पूर्ण नाव आणि सही. नोकरीचं काय होईल हा विचार आलाच. पुढे हे हॉस्पिटलात कळलं तेव्हा झालं ते एवढंच, की माझी बदली कंपन्यांच्या तपासणीच्या गाडीवर झाली. निवृत्तीपर्यंत मी हिंजवडीच्या आवारांमध्ये तरुण मुलामुलींच्या पट्ट्या काढल्या. मुलींच्या वेळी बरगड्या मोजायला जरा जास्त वेळ लावायची. मागे रांग कुरकुर करायची, करू दे.

पल्लवी कोर्टात गेली नाही. तो कागद तिने सासूबाईंना वाचून दाखवला आणि यवतमाळला आईला फोनवर वाचून दाखवला, असं समीरने नंतर मला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या बादल्या सासूबाईंनी स्वतः उचलायला घेतल्या.

त्या दिवशी मात्र पल्लवीने कागद दोनदा वाचला, घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि दाराशी जाऊन वळली.

"मॅडम, माझी पट्टी चुकून राहुलच्या फायलीत गेली म्हणून मी वाचले. ज्यांची नाही गेली, त्यांचं काय झालं असेल?"

ती गेल्यावर मी मशीन बंद करून बसले, आणि मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आल्या. कधीतरी फार पूर्वी माझ्याकडे येऊन गेल्या होत्या. दोन्ही खांदे भरून आलेत म्हणाल्या होत्या, पाटी डोक्यावर घेववत नाही म्हणाल्या होत्या. मी वरच्यावर वायरी लावून पट्टी काढली होती, आणि सरांनी नॉर्मल म्हटल्यावर पाठीवर हात ठेवून त्यांना सांगितलं होतं, "काही नाही मावशी, ओझं उचलू नका, म्हणजे झालं." मंडईतली त्यांची जागा मला माहीत होती. संध्याकाळी मी तिकडे गेले. तिथे एक तरुण मुलगी मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, इथे एक मावशी बसायच्या, त्या कुठे आहेत.

"आई? ती जाऊन नऊ वर्षं झाली," ती म्हणाली. "तुमची ओळख होती का?"